एक पुस्तक, सहा आठवडे: घरी शिकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी साहित्याधारित युनिट स्टडी

घरी शिकणारं मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की पालकांना विषयांची अडचण जाणवायला लागते. इतिहास, भूगोल, मराठी, इंग्रजी, नागरिकशास्त्र, विज्ञान असे कप्पे पाडून शिकवत बसलं तर घराची शाळा होते, तीही एकशिक्षकी. ‘आवडेल ते वाच’ म्हणून मोकळं सोडलं तर दहावीच्या फॉर्मच्या वेळी धांदल उडते. साहित्याधारित युनिट स्टडी हा या दोन्हींमधला मार्ग आहे. एक कसदार पुस्तक मध्ये ठेवायचं, पाच-सहा आठवडे त्याच्यासोबत काढायचे आणि वाचताना जे प्रश्न पडतील त्यांच्या मागे इतिहासात, कायद्यात, नकाशात, विज्ञानात जायचं.

लहान मुलांच्या युनिटमध्ये पुस्तक बहुतेक वेळा निमित्तापुरतं असतं. गोष्टीत आंबा आला की आंब्याचं चित्र, आंब्यांची बेरीज, आंब्याचं पन्हं. आठ वर्षांच्या मुलाला हे चालतं. पंधरा वर्षांच्या मुलीला तो बनाव लगेच कळतो आणि ती पुस्तकावरच रुसते. म्हणून मोठ्या मुलांसाठी एकच कसोटी लावावी: हे पुस्तक नीट समजायला तो विषय लागतो का? लागत असेल तर घ्यावा. ओढूनताणून आणावा लागत असेल तर तो वेगळ्या तासाला, वेगळ्या पुस्तकातून शिकवावा. सगळे विषय एका पुस्तकात बसवायचा हट्ट धरला की युनिट फसतं.

गणित तर जवळजवळ कधीच बसत नाही. आठवी-नववीचं बीजगणित आणि भूमिती रोज तासभर स्वतंत्रपणेच करायला हवी. कादंबरीतल्या बैलगाडीचा वेग काढून त्याला गणित म्हणू नये.

कोणतं पुस्तक?

घटनांची आणि ठिकाणांची दाटी असलेलं, लेखकाला स्वतःचं ठाम म्हणणं असलेलं आणि वाचकाला कुठेतरी अस्वस्थ करणारं पुस्तक निवडावं. किशोरांसाठी लिहिलेली प्रेरणादायी चरित्रं इथे फार कामाची नाहीत. त्यात उत्तरं आधीच दिलेली असतात, शोधायला काही उरत नाही.

नाशिकमधल्या घरांसाठी एक निवड डोळ्यांसमोर आहे: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८८० मध्ये, अकरा-बारा वर्षांच्या असताना, त्यांचं कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी काही वर्षांच्या ताटातुटीनंतर. शाळेत कधी न गेलेल्या या बाईंचं आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलं. बालविवाह, सोवळंओवळं, धर्मांतर, प्लेग आणि मध्य भारतापर्यंतचे प्रवास हे सगळं त्यात बोलीभाषेत येतं, आणि दुःखाच्या प्रसंगातसुद्धा लेखिकेचा मिस्कीलपणा सुटत नाही. चौदाच्या पुढच्या मुलांना हे पेलतं. बाराव्या वर्षी घाई करू नये. त्या वयाला विनोद कळतो, पण नवराबायकोमधला ताण डोक्यावरून जातो.

शेतीच्या घरातल्या किंवा अर्थशास्त्राकडे ओढा असलेल्या मुलासाठी महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) जास्त जवळचा ठरेल. तिथे मात्र गणित आपसूक आत येतं. सावकारी व्याज समजल्याशिवाय १८७५ चे दख्खनचे दंगे आणि १८७९ चा शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा समजत नाही, आणि चक्रवाढ आल्याशिवाय व्याज समजत नाही. लासलगावच्या कांद्याच्या लिलावाला मुलाला घेऊन जायचं असेल तर ते याच युनिटमध्ये.

पुस्तक मुलाला झेपेल का, हे पाहायला सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन पानं उघडून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. पानाला चार-पाच शब्द अडले तर ठीक. दहाच्या पुढे अडले तर पहिले दोन आठवडे एकत्र मोठ्याने वाचायची तयारी ठेवा, किंवा पुस्तक वर्षभर पुढे ढकला.

आवृत्तीकडेही लक्ष द्या. ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आणि संपूर्ण अशी दोन्ही रूपं बाजारात आणि वाचनालयांत मिळतात. आईच्या हातात एक आणि मुलाच्या हातात दुसरं असेल तर पान क्रमांक जुळत नाहीत आणि चर्चेची निम्मी वेळ शोधण्यात जाते. संपूर्ण आवृत्तीच घ्या. मोठ्या मुलाला कोणीतरी आधी गाळून दिलेलं पुस्तक देण्यात फारसा अर्थ नाही.

सुरू करण्याआधी पालकांचं काम

पालकांनी पुस्तक आधी पूर्ण वाचलेलं हवं. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि मग तिसऱ्या आठवड्यात युनिट ढेपाळतं. वाचताना समासात फक्त तीन खुणा करा: इथे ठिकाण आहे, इथे कायदा किंवा रूढी आहे, इथे शंका घ्यायला जागा आहे. प्रश्नांची यादी तयार करून मुलाच्या हातात देऊ नका. तुमच्या खुणा राखीव म्हणून ठेवायच्या, मूल अडलं तर वापरायला.

मग जोडसाहित्य जमवा, पण हात आखडता ठेवून. मुख्य पुस्तकाबरोबर चार गोष्टी पुरतात: एक मूळ साधन, एक नकाशा, एक कायदा किंवा सरकारी कागद आणि विरुद्ध बाजूने किंवा निराळ्या भाषेतून लिहिलेलं काहीतरी. या युनिटसाठी मूळ साधन म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड. तो १८८३ चा, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या लग्नानंतर तीनच वर्षांचा. पिकं, मजुरी, रस्ते, जाती, देवळं यांची इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून केलेली ती नोंद आहे. भाषा जड आहे, म्हणून एका वेळी दोनच पानं. हा खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतो. इंग्रजीचा अभ्यास हवा असेल तर शांता गोखले यांनी केलेला ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद (२०१७) घ्या आणि एकच प्रसंग दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवा. सोवळ्याची किंवा स्वयंपाकघरातली वाक्यं इंग्रजीत नेताना अनुवादिकेने काय राखलं, काय सोडलं, यावर तासभर सहज जातो. व्याकरणाच्या वीस रिकाम्या जागा भरून एवढं इंग्रजी येत नाही.

जुनी पुस्तकं आणि संदर्भग्रंथ यांसाठी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच. १८४० पासूनची ही संस्था शहरातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या घरांनी खरं तर आपली प्रयोगशाळा समजायला हवी. मुलाच्या नावाने वर्गणी भरा आणि पुस्तक त्यालाच मागू द्या. ग्रंथपालाला नेमकं काय हवं ते सांगता येणं हेही शिक्षणच आहे.

आठवडे कसे बांधायचे

आठवड्याला बारा तास युनिटला द्यावेत. त्यातले चार वाचनाला, तीन शोधाला, तीन लेखनाला आणि एक सलग चर्चेला. उरलेला तास रेंगाळायला ठेवा, तो लागतोच. पहिले चार आठवडे वाचनाचे, पाचवा खोदकामाचा, सहावा लेखनाचा. पुस्तकाची एकूण पानं १६ ने भागा, म्हणजे आठवड्यातले चार दिवस धरून रोज किती वाचायचं ते कळतं. ४०० पानांच्या पुस्तकाला रोज २५ पानं. पाचवा दिवस वाचनाचा नाही.

वाचताना मध्ये थांबवू नये. दर पानाला ‘याचा अर्थ काय, हे का झालं’ विचारत बसलं तर गोष्टीची गती मरते आणि मूल वाचायचं सोडून उत्तरं द्यायला लागतं. पेन्सिलची बारीक रेघ मारायला हरकत नाही, बाकी बोलणं दिवसाच्या शेवटी.

युनिटचा खरा कणा म्हणजे प्रश्नवही. दोनशे पानी साधी वही घ्या. रोज वाचून झाल्यावर मुलाने तीन प्रश्न लिहायचे, पान क्रमांकासह. पहिल्या आठवड्यात प्रश्न पोरकट येतील: अमुक माणूस पुढे कुठे गेला, तमुक कोण होतं. येऊ द्या. आठवड्याच्या शेवटी बारा प्रश्न एकत्र घेऊन तीन गटांत टाका. काहींचं उत्तर पुस्तकातच पुढे मिळतं. काहींसाठी पुस्तकाबाहेर जावं लागतं. आणि काही असे की ‘हे लेखिकेला कसं माहीत?’ मोठ्या मुलाला शिकवायचं ते या तिसऱ्या गटात असतं. लग्न १८८० चं आणि पुस्तकाचा पहिला भाग १९३४ चा, मधे चोपन्न वर्षं गेली. लहानपणीचा संवाद शब्दशः आठवणं शक्य आहे का? मग तो खोटा म्हणायचा का? आत्मचरित्रातली आठवण, गॅझेटियरमधली नोंद आणि कायद्याचं कलम ही तीन वेगळ्या जातीची साधनं आहेत आणि प्रत्येकाची चुकायची तऱ्हा निराळी आहे. मुलाला एवढं कळलं तरी इतिहासाचं अर्धं काम झालं.

आठवड्याला दुसऱ्या गटातला एकच प्रश्न निवडून त्याच्या मागे जायचं. या पुस्तकातून असे प्रश्न कुठवर नेतात ते जरा सविस्तर पाहू.

लग्नाचं वय. मुलगी विचारते: अकराव्या वर्षी लग्न हे त्या काळी सगळ्यांचंच होतं का? इथे जनगणना उघडायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जनगणनांत वयोगटानुसार अविवाहित, विवाहित, विधवा असे तक्ते आहेत. मुंबई इलाख्याचा एक तक्ता घेऊन दहा ते चौदा वयोगटातल्या विवाहित मुलींची टक्केवारी मुलीनेच काढायची आणि स्तंभालेख काढायचा. गणित जिथे ओढून आणावं लागत नाही अशी ही एक जागा, कारण आकड्याशिवाय प्रश्न सुटतच नाही. तिथून कायद्यांकडे: १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा केली, १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नासाठी मुलीला चौदा आणि मुलाला अठरा ठरवली, आज ती अठरा आणि एकवीस आहे. प्रत्येक टप्प्याला विरोध कोणी केला आणि कोणत्या शब्दांत, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त शिकवतं.

धर्मांतर. नवऱ्याने धर्म बदलला तर बायकोचं कायद्याने काय व्हायचं? फार थोड्या मोठ्या माणसांना याचं उत्तर माहीत असतं. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सुटली म्हणून वारसाहक्क जात नाही असं ठरवलं. १८६६ च्या दुसऱ्या एका कायद्याने, धर्मांतरित व्यक्तीच्या जोडीदाराने त्याच कारणाने नांदायला नकार दिला तर विवाह मोडायची वाट ठेवली. या चौकटीत लक्ष्मीबाईंपुढे काय काय पर्याय होते, आणि त्यातला कोणता समाजाने उघडा ठेवला होता? कायद्यातला हक्क आणि घरातली परिस्थिती यांच्यातलं अंतर इथे डोळ्यांना दिसतं. मग राज्यघटनेचं पंचविसावं कलम वाचायचं, आधी नाही.

प्लेग. विज्ञान या पुस्तकात याच दारातून येतं. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये यर्सिनने जंतू ओळखला. १८९६ मध्ये साथ मुंबईत आली. हाफकिनने मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पिसवांमार्फत रोग पसरतो हे सिमोंने १८९८ मध्ये मांडलं, पण ते पटायला आणखी वर्षं गेली. म्हणजे घरं रिकामी करून धुऊन काढणाऱ्या सरकारी पथकांना रोग नेमका पसरतो कसा हेच पक्कं माहीत नव्हतं. मुलाने या तारखांची पट्टी करून तिच्या खाली पुस्तकातले प्रसंग मांडावेत. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा वापरला गेला, हे कळल्यावर मुलं सहसा स्वतःहून तो कायदा शोधतात. तो दीड-दोन पानांचाच आहे.

प्रवास. भारताचा कोरा नकाशा घेऊन जलालपूर, नाशिक, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, पंढरपूर, नगर, राहुरी ही ठिकाणं वाचता वाचता भरायची. कसारा घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर आली, हे कळल्यावर पुस्तकातल्या प्रवासांचा वेळ आणि खर्च दोन्ही नीट समजतात. हे काम छोटं आहे, त्याला आठवडा देऊ नका.

भाषा. जुन्या छपाईची प्रत मिळाली तर अनुच्चारित अनुस्वार जागोजाग दिसतील. १९६२ च्या लेखननियमांनी ते गेले. एक परिच्छेद आजच्या लेखनात उतरवून काढायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घाच्या सरावाची वेगळी वही मग लागत नाही.

बाहेर पडायचं ते केव्हा

भेट वाचनानंतर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आधी नेलं तर ती सहल होते. जाताना प्रश्नवहीतले तीन प्रश्न सोबत असावेत आणि परतल्यावर त्याच दिवशी एक पान लिहायचं. जलालपूरला नदीकाठी उभं राहून एवढंच विचारा की लक्ष्मीबाईंनी पाहिलेल्या गोदावरीवर गंगापूर धरण नव्हतं, तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हा काठ कसा दिसत असेल. शरणपूर भागात जायचं तर तयारी करून जा. ख्रिस्ती मिशनने वसवलेल्या त्या वस्तीत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहून शिकली होती. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा, आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या लिव्हिंगस्टनचं शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला गेला. शरणपूर रोडवरून रोज क्लासला जाणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसतं. नाशिकमधलं ख्रिस्ती जग टिळकांच्या आधीपासून होतं, हा मुद्दा पुस्तक समजायला लागतो, म्हणून ही भेट युनिटमध्ये बसते. पंचवटीतला घाटही बसतो. द्राक्षाच्या वायनरीची भेट या युनिटमध्ये बसत नाही, कितीही जवळ असली तरी.

चर्चा आणि लेखन

चर्चेसाठी आठवड्याला एक सलग तास, फोन दुसऱ्या खोलीत. पहिली दहा मिनिटं पालकांनी बोलायचंच नाही, मुलाने त्या आठवड्याचा शोध मांडायचा. धर्म, जात, नवऱ्याचा संताप हे विषय निघणार. इथे पालकांची जीभ वळवळते आणि प्रवचन सुरू होतं. आपलं मत मुलाने विचारल्यावर, आणि तेही शेवटी. पुस्तकात जातींचा उल्लेख आज आपण करणार नाही अशा शब्दांत येतो. ते शब्द लपवू नका, मोठ्याने वाचताना गाळूही नका. त्या काळी कोण कोणाला काय म्हणत होतं हाही पुरावाच आहे. दोन-तीन घरं एकत्र येत असतील तर चर्चा त्यांच्याबरोबर करा, पण चारच मुलं ठेवा. सहा झाली की दोघं गप्प बसतात.

लेखन दर आठवड्याला वाढवत न्या: पहिल्यात दीडशे शब्द, चौथ्यात चारशे, सहाव्यात आठशे ते हजार शब्दांचा एक निबंध. निबंधाचा विषय प्रश्नवहीतूनच यायला हवा. ‘लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन’ हा विषय नव्हे, तो धडा झाला. ‘ताटातुटीच्या वर्षांत लक्ष्मीबाईंना कायद्यापेक्षा नातेवाइकांचा आधार जास्त होता का’ हा विषय. तपासताना वीस गुण असे वाटा: म्हणणं एका वाक्यात स्पष्ट सांगितलं आहे का, त्याला ४. पुस्तकातले निदान तीन पुरावे पान क्रमांकासह, त्याला ६. बाहेरचं एक साधन नीट वापरलं, त्याला ४. विरुद्ध बाजूचा मुद्दा मांडून त्याला उत्तर दिलं, त्याला ४. शुद्धलेखनाला २, जास्त नाही. पहिला खर्डा फेकू नका. लाल पेनने भरून टाकण्याऐवजी त्यावर दोनच सूचना लिहून परत द्या.

मोबाइलवरून तयार मजकूर उतरवायचा मोह मोठ्या मुलांना असतोच. त्यावर पहारा ठेवून उपयोग नाही. निबंध दिल्यावर दहा मिनिटं तोंडी विचारा: हा पुरावा कोणत्या पानावर आहे, तोच का निवडला, तुझ्या विरोधात जाणारी जागा कुठली? ज्याने लिहिलंय त्याला सांगता येतं.

फुगलेलं जोडसाहित्य हा युनिटचा नेहमीचा आजार. चौथ्या आठवड्यात मूल मुख्य पुस्तकात मागे पडलं असेल तर शोध थांबवा आणि आधी पुस्तक पूर्ण करा. दुसरं, पुठ्ठ्याचा वाडा, पोस्टर, सादरीकरण यांत दोन-दोन आठवडे जातात. फोटो छान येतात, पण विचार लिहून काढायचा राहतो. तिसरं, मुलाला पुस्तक आवडलंच नाही. शंभर पानांपर्यंत थांबा. त्यानंतरही नावड कायम असेल तर त्या नावडीवरच निबंध लिहून घ्या, पुराव्यासह, आणि तिथेच युनिट आवरा. सहा आठवडे ओढत नेऊ नका.

परीक्षेचं काय

शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंगचा स्पष्ट उल्लेख नाही. त्यामुळे मोठ्या मुलांची बहुतेक घरं दहावीसाठी एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म (शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज) यांच्याकडे वळतात. एनआयओएसच्या दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत आणि निदान पाच विषय घ्यावे लागतात, त्यात मराठी घेता येते. युनिट स्टडी हा अभ्यासक्रम पुरा करत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. त्याने वाचनाचा दम, पुराव्याने लिहायची सवय आणि टीएमए (एनआयओएसला घरून लिहून द्यायचे स्वाध्याय) स्वतःच्या शब्दांत लिहायची तयारी होते. युनिट संपलं की विषयांची अनुक्रमणिका समोर ठेवून कोणते घटक झाले त्यांवर पेन्सिलने खूण करा. सामाजिक शास्त्रातले चार-पाच निघतील. उरलेले सरळ पाठ्यपुस्तकातून करायचे. नववीच्या वयात वर्षाला तीन युनिटं पुरेत. परीक्षेच्या आधीच्या पाच-सहा महिन्यांत एकही घेऊ नका, तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या.

प्रत्येक युनिटची एक फाइल ठेवा: तारखांसह तासांची नोंद, वाचलेल्या साधनांची यादी, प्रश्नवही, नकाशा, निबंधाचा पहिला खर्डा आणि शेवटची प्रत. पुढे कॉलेजच्या मुलाखतीत ‘घरी नेमकं काय केलंत’ असं विचारलं तर हीच फाइल पुढे करता येते. पुढच्या युनिटचं पुस्तक निवडतानाही आधी प्रश्नवही उघडा. अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांपैकी ज्याच्याकडे मूल पुन्हा पुन्हा वळलंय, त्या प्रश्नाचं पुस्तक शोधायचं.